व्हायोलिनचं चौथं पुस्तक

कोणतंही काम पुस्तक वाचल्याशिवाय सुरू करू नये, असं माझं ठाम मत आहे. हे मत मला नोकरीने दिलं. कृषी सहायक म्हणून मी उभ्या हयातीत माहितीपत्रकंच वाटत आलो. फवारणी कशी करावी याचं पत्रक, मातीचा नमुना कसा काढावा याचं पत्रक. एकदा तर पत्रकं कशी वाटावीत याचंही पत्रक निघालं होतं. ते मी वाटलं नाही, जपून ठेवलं आहे. तेव्हा माझ्या घरात व्हायोलिन आलं, त्या दिवशी मी एखाद्या उथळ माणसासारखा ते खांद्याला लावून मोकळा झालो नाही. आधी पुस्तक, म्हटलं.

व्हायोलिन आलं कुठून, हे लोक फार विचारतात, म्हणून एकदाच सांगून टाकतो. बुलढाण्याला आढावा बैठक होती. बैठक संपल्यावर कळलं की बँकेतले एक साहेब बदलीवर दूर कुठेतरी केरळात चालले आहेत आणि सामान येईल त्या भावात देत आहेत. मी टेबलफॅन आणायला गेलो. फॅन आमच्याच खात्यातल्या एका माणसाने माझ्या आधी नेला होता. उरला होता एक पाळणा आणि हे व्हायोलिन. पाळण्याचा मला उपयोग नव्हता. घरी मी एकटा. सिंधूला, म्हणजे माझ्या बायकोला जाऊन चार वर्षं झाली होती आणि दीपमाला, आमची एकुलती एक, पुण्याला नोकरीला. व्हायोलिनच्या पेटीत दांडी होती, चार तारा होत्या आणि विटकरी रंगाचा एक चकचकीत खडा होता. तो मी हुंगून पाहिला, धुपासारखा वास आला. घरात डास फार, म्हणून दोन दिवसांत अर्धा खडा मी निखाऱ्यावर जाळला. डास गेले नाहीत.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी वाद्याची फक्त तपासणी केली. वाजवलं असं म्हणता येणार नाही. वस्तू चालू स्थितीत आहे की नाही एवढंच पाहावं, या हेतूने तारेवरून दांडी एकदा फिरवली. सूंऽऽ असा बारीक, कोरडा आवाज आला. शंका राहू नये म्हणून दुसऱ्यांदा फिरवली. पुन्हा सूंऽऽ. आणि बाहेर अख्ख्या गल्लीत हंडे वाजायला लागले.

इथे थोडी तांत्रिक माहिती देणं भाग आहे. साखरखेर्ड्यात आमच्या गल्लीला नळाचं पाणी आठव्या दिवशी येतं आणि पाण्याच्या आधी नळातून हवा येते. ती हवा अशीच सूंऽऽ करते. त्या आवाजाला ताटावरचा माणूस उठतो, आजारी माणूस उठतो. त्यातून माझ्या अंगणातला नळ सगळ्यात सखल जागी, म्हणून हवा आणि पाणी पहिल्यांदा माझ्याकडे. मी तिसऱ्यांदा दांडी फिरवेपर्यंत अंगणात वीसेक हंड्यांची रांग लागली होती आणि रांगेच्या तोंडाशी तानाबाई उभी होती. तानाबाई शेजारीण, विधवा, दोन एकर कपाशी एकटी करते आणि गल्लीतली भांडणं मिटवते किंवा लावते, जशी गरज असेल तशी.

"सायेब, हवा तं आली. मंग पानी काऊन येऊन नाही राह्यलं?"

मी व्हायोलिन दाखवलं आणि खुलासा केला. हंडे खाली ठेवले गेले. उभ्या नोकरीत माझ्या कुठल्याही कामाचा लोकांवर इतक्या तातडीने परिणाम झाला नव्हता, याची मला थोडी लाजच वाटली.

"याच्यात पानी नाही अन् काई नाही," तानाबाई म्हणाली. "पन आवाज डिक्टो हवेचाच हाये."

एवढ्यात समोरच्या घरातून रहेमतुल्लाचाचा आले. चाचा पिंजारी. पूर्वी पिंजण खांद्यावर टाकून गावोगाव फिरायचे आणि गाद्यांचा कापूस पिंजून द्यायचे. आता लोक मेहकरहून फोमच्या गाद्या आणतात. चाचांची बायको वारली, मुलगा जाकीर सुरतेला यंत्रमागावर. पिंजण घरात खुंटीला टांगलेलं आहे. चाचांनी व्हायोलिन हातात घेतलं, नखाने एक तार छेडली आणि कान लावून ती विझेपर्यंत ऐकली.

"सायेब, हे तं माह्यं पिंजनच हाये. तात हाये, दांडी हाये. निस्तं लहान झालं." मग म्हणाले, "शिकता कोनापासून?"

"पुस्तकावरून."

"कोनचं पुस्तक?"

हा प्रश्न कुणीतरी विचारायला नको होता. किंवा चार वर्षं आधीच विचारायला हवा होता. कारण त्यावरून ओट्यावर जी चर्चा सुरू झाली ती दिवेलागणीपर्यंत चालली. कुणी म्हणे पुस्तक नागपूरचं चांगलं, कुणी म्हणे मुंबईचं. माझ्या ओट्यावर माणसं बसलेली मी फार दिवसांनी पाहत होतो.

का, तेही सांगतो. बीटी कपाशी आली तसं माझं काम गेलं. बोंडअळीसाठी काय फवारू, हे विचारायला पूर्वी लोक यायचे. आता जे विचारायचं ते बियाणं विकणाऱ्या दुकानदाराला. बीटीच्या पाकिटात एक छोटी पुडी मिळते, साध्या कपाशीची. ती शेताच्या कडेने लावायची असते, म्हणजे अळीला खायला काहीतरी राहतं. ती पुडी लावा, हे सांगत मी गावभर पत्रकं वाटली. कुणीही लावली नाही. पुढे पुढे त्या पुडीबद्दल मला भाऊबंदासारखं वाटायला लागलं. पाकिटात आहे, नियमाने आहे, पण कुणी उघडत नाही.

त्यानंतर कापसाचे दिवस वाईट आले, घराघरांतून वाईट बातम्या आल्या आणि सरकारने घरोघरचं सर्वेक्षण काढलं. फॉर्म घेऊन मी दारोदार. उत्पन्न किती, दुखणी किती, लग्नाच्या मुली किती. शेजारीपाजारी कुजबुजायचे की सायेबाला चहा देऊ नका, दूध दिसलं तर दुधाचं उत्पन्न लिहितीन. दोन वर्षं मला गावात कुणी चहा दिला नाही. ज्या घरात माणसाने जीव दिला तिथेही पंचनाम्याला तलाठ्याबरोबर मीच. मग व्हायचं असं की मी रस्त्याने निघालो की बाया पोरांना आत बोलवायच्या. त्यांची चूक नव्हती. पण घरी येऊन मी भिंतीशी तरी काय बोलणार?

असो. विषय पुस्तकाचा आहे.

पहिलं पुस्तक मी स्वतः बुलढाण्याहून आणलं. दुकानदार म्हणाला, व्हायोलिनचं एकच आहे, शाळेतल्या एका सिस्टरने मागवलं होतं, मग तिचीच बदली झाली. पुस्तक इंग्रजी. संध्याकाळी ओट्यावर ते उघडलं. पानोपानी पाच पाच रेघा आणि रेघांवर काळे ठिपके, काहींना शेपट्या. चवळीवर मावा बसतो तसे दाट. तानाबाईने पान डोळ्यांजवळ नेलं.

"सायेब, याच्यावर काय फवारता?"

इंग्रजी मला येतं. पुस्तकातला शब्दन्‌शब्द कळला, सूर एकही कळला नाही. त्यातून पहिल्याच पानावर लिहिलं होतं की वाद्य आपल्या शिक्षकाकडून सुरात लावून घ्यावे. शिक्षक असता तर मी पुस्तकाला हात कशाला लावला असता? इतक्या बेजबाबदारपणे आम्ही साधं युरियाचं पत्रकही काढत नाही. हे मी तावातावाने बोललो आणि ओट्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या बोलण्यावर माना डोलावल्या गेल्या त्याला खूप दिवस झाले होते. दुसऱ्या दिवशी मी दूध जास्त घेतलं आणि सगळ्यांना चहा केला.

ही बातमी अर्जुनरावांपर्यंत गेली. अर्जुनराव म्हणजे बियाण्याच्या दुकानाचे मालक, म्हणजे ज्यांनी माझी गिऱ्हाइकं नेली ते. आमचं बोलणं नव्हतं. असतं ते फक्त तपासणीच्या वेळी, मी 'साठा नोंदवही दाखवा' म्हणायचो आणि ते दाखवायचे. पण गल्लीत एवढा मोठा प्रश्न उभा आहे आणि आपलं मत कुणी विचारलं नाही, हे त्यांना सहन झालं नाही. एका संध्याकाळी स्वतःहून आले आणि ओट्यावर भिंतीला टेकून बसले.

"वानखडे सायेब, बियानं हैद्राबादकडून येते, तं पुस्तक काऊन नाही येनार? कंपनीचा मानूस हाये आपला. बसा निवांत."

वीस दिवसांनी बियाण्याच्या खोक्यातून पुस्तक आलं. सुंदर छापलेलं, जाड, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत तेलुगूत. अर्जुनराव जरा ओशाळले, पण माणूस धंद्यातला. म्हणाले, "फोटो तं मराठीतच हायेत नं!"

फोटोंवरून शिकायचं ठरलं. फोटोतले गृहस्थ मांडी घालून बसले होते, उजवा पाय पुढे, व्हायोलिनचं डोकं पायाच्या घोट्यावर टेकवलेलं, चेहरा शांत. मी तसाच बसलो. फोटोत न दिसणारी गोष्ट अशी की पाव तासात त्या पायाला मुंग्या येतात आणि अर्ध्या तासात पाय आपला राहत नाही. ग्रामसेवक सहीसाठी आले तर मला उठता येईना. मी बसूनच सही केली आणि गावात बातमी गेली की वानखडे साहेबांच्या अंगावरून वारं गेलं. दोन माणसं भेटायला आली. मी त्यांना चहा पाजला आणि पुस्तक दाखवलं. त्यांनीही मत दिलं.

तेलुगू पुस्तकाचा एक फायदा झाला. सातव्या फोटोत ते गृहस्थ एक खडा दांडीच्या केसांवर घासत होते. मी पेटी उघडून उरलेला खडा काढला. तानाबाई ओरडलीच, "अवो, हे तं राळ हाये! तुमी हे जाळली?" डासांसाठी जाळली हे मी मान्य केलं. उरलेली राळ दांडीला घासली, तार ओढली, आणि जो आवाज निघाला त्याने चाचांच्या घरावरची कबुतरं उडाली. त्या दिवसापासून माझ्या वाजवण्याला कुणी पाणी समजलं नाही.

तानाबाईचं म्हणणं वेगळं पडलं. "आधीचा आवाज बरा होता सायेब. निदान पानी येईन असं तरी वाटे."

तारा सुरात लावायचं काम चाचांनी अंगावर घेतलं. खुंट्यांना खडू लावून, कान टेकवून, जरा पीळ दे, जरा सोड, असं करत त्यांनी चारी तारा बोलत्या केल्या. आता एकच अडचण राहिली. बोट कुठे ठेवायचं? पेटीला पट्ट्या असतात, सतारीला पडदे असतात. व्हायोलिनला काहीच नाही, गुळगुळीत लाकूड. सगळा कारभार भरवशावर. बोटाची नेमकी जागा सांगणारं पुस्तक पाहिजे, यावर ओट्यावर एकमत झालं. आमच्या गावात एकमत झाल्याची माझ्या माहितीतली ही एकमेव घटना.

तिसरं पुस्तक टपालाने मागवलं, हिंदी. यात चूक माझी झाली हे मी मोकळेपणी सांगतो. पत्ता लिहिताना मी नावाखाली हुद्दा लिहिला आणि त्यावर शिक्का मारला. शिक्का मारल्याशिवाय मला चैन पडत नाही. तेव्हा पुस्तक सरकारी टपाल म्हणून थेट आमच्या वरच्या कार्यालयात गेलं. तिथे त्याला आवक क्रमांक पडला आणि मला पत्र आलं की सदर प्रशिक्षण साहित्य कोणत्या योजनेतून प्राप्त झाले, लाभार्थी संख्या किती, याचा खुलासा तीन दिवसांत करावा.

मी खुलासा लिहिला: लाभार्थी एक.

उत्तर आलं की एका लाभार्थ्यासाठी साहित्य देण्याची तरतूद नाही, किमान वीस जणांचा गट स्थापन करून ठराव पाठवावा. ते पत्र मी ओट्यावर वाचून दाखवलं. अर्जुनराव म्हणाले, "वीस तं रोज बसतेतच," आणि खरोखरच ठराव झाला. सूचक तानाबाई, अनुमोदक रहेमतुल्लाचाचा, अंगठे आणि सह्या मिळून बावीस. व्हायोलिन गट, साखरखेर्डा. दोन महिन्यांनी पुस्तक सुटून आलं, पण पुस्तक म्हणून नाही, फाईल म्हणून. शिस्तीच्या कुणा लिपिकाने त्याला मधोमध भोक पाडून हिरवी दोरी ओवली होती. भोक पुस्तकाच्या आरपार गेलेलं, आणि बोटांच्या जागा दाखवणारी जी एकमेव आकृती, तिच्यात ते नेमकं दुसऱ्या बोटाच्या जागी.

अर्जुनरावांनी पान उजेडात धरून पाहिलं. "भोकातच बोट ठेवाचं असंन."

मी चिडलो. तीस वर्षं ज्या खात्याची सेवा केली त्या खात्याने माझ्या दुसऱ्या बोटाचं असं करावं! मी चार दिवस कुणाशी नीट बोललो नाही. पण लोक येत राहिले. बोलता बोलता तानाबाई म्हणाली, तिच्या कपाशीची पानं लाल पडून राहिली आहेत. मी म्हटलं, लाल्या आहे, मॅग्नेशियम कमी पडलं, फवारून घे. ती म्हणाली, मंग सांगत काऊन नव्हते इतके दिवस? अर्जुनराव तिथेच बसले होते. त्यांनी दुसऱ्या दिवशी तिला मॅग्नेशियमचं पाकीट काढून दिलं आणि सायेबांनी सांगितल्याइतकंच टाक, म्हणाले. त्या रात्री अंथरुणावर पडलो तेव्हा लक्षात आलं की गेले काही महिने मी भिंतीकडे तोंड करून झोपत नाही.

तिकडे दीपमालाचंही तसंच. आधी तिचा फोन रविवारी यायचा. जेवले का बाबा, गोळ्या घेतल्या का, ठेवू? तीन प्रश्न. तिला वेळ नसतो, कंपनीत सगळेच पळत असतात, मी समजून होतो. पण पुस्तकाचं सांगितल्यावर ती पुण्यातल्या दुकानांत जायला लागली. मोबाइलवरून मला अनुक्रमणिका वाचून दाखवायची.

"बाबा, ह्याच्यात पहिला धडा बैठकीचा आहे. दुसऱ्यात आधी गज धरायची पद्धत. कोणतं घेऊ?"

"दुसऱ्याची प्रस्तावना वाच."

"सगळी?"

"सगळी."

दुकानात उभी राहून ती चार पानांची प्रस्तावना वाचायची. मागून गाड्यांचे आवाज, मधेच दुकानदाराशी दोन शब्द, आणि तिचा तो आवाज, आईसारखा शेवटी जरा चढणारा. प्रस्तावनेत काय होतं ते मला विचारू नका. मी ऐकतच नव्हतो. प्रस्तावना संपली की मी म्हणायचो, हे काही बरोबर वाटत नाही, पुढच्या रविवारी दुसरं दुकान बघ. ती कुरकुरायची, आणि जायची.

असे आठ महिने गेले. मग चौथं पुस्तक आलं.

दीपमालाने ते मला न विचारताच घेऊन पाठवलं. कुरिअर मेहकरपर्यंतच येतं, म्हणून मी एसटीने जाऊन आणलं. येताना बसमध्येच उघडलं आणि पाच मिनिटांत मला कळलं की हेच ते. मराठीत. लिहिणाऱ्या माणसाने आयुष्यभर मठ्ठ विद्यार्थी पाहिले असणार, इतकं सोपं आणि इतकं सावकाश. बसावं कसं, पाय दुखला तर काय करावं, राळ किती लावावी. आणि शेवटी कागदाची एक लांब पट्टी, तिच्यावर बोटांच्या जागा खुणा करून दिलेल्या. ती कापून तारांखाली चिकटवायची आणि खुणेवर बोट ठेवायचं. कुठेही भोक नाही.

भर दुपारी घरी पोचलो. पट्टी चिकटवली. खुणेवर बोट ठेवून दांडी ओढली, आणि सा लागला. मग रे. मग ग. मग म. मी पुन्हा वाजवलं. पुन्हा लागलं! मी उठून उभा राहिलो आणि कुणालातरी सांगायला दाराकडे वळलो. दुपारी गल्लीत कोण असणार? सगळे शेतात.

मग दीपमालाला फोन केला.

"मिळालं? बरोबर आहे?" ती म्हणाली. "चला, झालं एकदाचं. आता वाजवत बसा छान. ठेवू?"

मी हो म्हणालो आणि तिने ठेवला. अठ्ठावन्न सेकंद, असं मोबाइलवर दिसत होतं.

संध्याकाळी दुकान बंद करून जाता जाता अर्जुनराव रस्त्यावरूनच ओरडले, "आलं म्हनतात पुस्तक! उद्या पाहू, जमते का. जमलं तं सुटला बाप्पा एकदाचा प्रश्न, आमी बी मोकये!"

रात्री पुस्तक समोर ठेवून मी बसलो होतो, पण वाजवलं नाही. चांगल्या पुस्तकाचं एक वाईट असतं, त्यानंतर दुसरं लागत नाही. उद्या ओट्यावर सा रे ग म वाजेल, सगळे वाहवा म्हणतील आणि परवा कुणी का येईल? एका माणसाला रोज सराव करताना ऐकायला कुणी येत नसतं. माझ्याकडे यायला लोकांना आता कारण होतं, ते कारण मी स्वतःच्या हाताने संपवणार होतो. मला भीती वाटली. पंचनाम्याला जाताना वाटायची त्याहून वेगळी, पण भीतीच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळे जमले, रोजच्यापेक्षा जास्त. तानाबाई पुढे, अर्जुनराव भिंतीला टेकून, चाचा माझ्या अगदी जवळ, डाव्या हाताशी. मी पुस्तक फिरवलं. सगळ्यांनी पाहिलं, व्हायोलिनवरच्या पट्टीवर बोटं फिरवली.

"लावा आता," अर्जुनराव म्हणाले.

मी मांडी घातली. व्हायोलिन टेकवलं. दांडी तारेवर ठेवली. आणि बोट खुणेवर ठेवताना मी ते जरासं, अगदी जरासं मागे घेतलं.

जो आवाज निघाला तो ऐकून अर्जुनरावांनी डोळे मिटले. मी पुढची बोटंही तशीच ठेवली. तानाबाईने पदर कानाशी नेला.

"हे पुस्तकही काही बरोबर नाही," मी म्हणालो. माझा आवाज मला परका वाटला. "पट्टीच्या खुणा चुकल्यात. छापताना सरकल्या असतील."

ओट्यावर एक मोठा उसासा पडला आणि लगेच सगळे एकदम बोलायला लागले. पुण्याचंही असंच निघालं म्हणायचं, मग कुणाचा भरवसा धरावा? एकाच्या साडूचा भाऊ इंदूरला असतो, तिकडे गाण्याबजावण्याचं फार आहे. अर्जुनराव म्हणाले, वानखडे सायेब, खचू नका, इंदूरचं पाहू. तानाबाईने स्वतःहून चूल पेटवली आणि चहा टाकला. फक्त चाचा माझ्या हाताकडे पाहत होते.

शेवटी अर्जुनरावांनीच त्यांना विचारलं, "चाचा, तुमचा कान पक्का हाये. तुमी सांगा, पुस्तकात खोट हाये का वाजवनाऱ्यात?"

मी व्हायोलिनच्या खुंटीकडे बघत बसलो. चाचांनी पुस्तक हातात घेतलं. त्यांना मराठी वाचता येत नाही. तरी चार पानं उलटली, तारांखालच्या पट्टीवरून अंगठा फिरवला आणि पुस्तक मिटून माझ्या मांडीवर ठेवलं.

"किताब बेकार हाये," म्हणाले. "दुसरी बलवा लागते."

सगळे उठून गेल्यावर चाचा मागे राहिले. चपला शोधतोय असं दाखवत होते, चपला तर पायातच होत्या. मग माझ्याजवळ येऊन ओट्याच्या कडेला बसले.

"सायेब, काल दुपारी मी घरीच होतो."

मी दांडी पेटीत ठेवायला लागलो.

"सा बराबर लागला होता. रे बी, ग बी. मी दाराले कान लावून ऐकलं. आज तुमी बोट जवभर मागं घेतलं."

"चाचा," मी म्हणालो, "उद्यापासून कुणी आलं नसतं हो."

चाचांनी समोरच्या आपल्या बंद घराकडे पाहिलं.

"मले तरी संध्याकायी कुठी जा लागते," ते म्हणाले. मग विचारलं, "ते इंदूर किती दूर हाये?"

"फार दूर. पुस्तक यायला दोन-तीन महिने तरी लागतील."

"बरं हाये," चाचा म्हणाले. "आजच कागद टाकू नका मंग. उद्या सगळे जमले का, त्याईच्या समोर लेहा."